गाडीचा मेंदू आणि खाडीचं पाणी

ठाण्याहून कोपरला जाऊन परत यायला आम्हाला चार दिवस लागले. लोकांना एक दिवसही लागत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या कंपनीतले निम्मे लोक रोज डोंबिवलीहून येतात-जातात आणि त्यावर कधी चार ओळी लिहीत नाहीत. पण ते वाटेत मानपाड्याला गाडीचा मेंदू बदलायला थांबत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर माझे बाबा नसतात.

नव्याण्णव सालचा श्रावण होता. आम्ही ठाण्याचे कोळी. बाबांचा जन्म खाडीत गेला. मी मात्र शिकून एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये चिकटलो. दोन महिन्यांपूर्वी मी नवी कोरी गाडी घेतली होती. कार्बोरेटर नसलेली आमच्या कोळीवाड्यातली ती पहिलीच गाडी. पेट्रोल किती सोडायचं हे म्हणे आतला कॉम्प्युटर ठरवतो. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही मी ही माहिती दिली होती. माझी बायको म्हणायची, "पेढे कमी वाटलेस, कॉम्प्युटर जास्त वाटलास."

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. आमच्याकडे सोनेरी कागद लावलेला मानाचा नारळ बावीस वर्षं बाबाच खाडीला अर्पण करतात. माझ्या ताईला कोपरला दिलंय. तिला सणाला माहेरी आणायचं, तेही गाडीतून, असा बेत होता. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत परत, म्हणून आम्ही दोघेच सकाळी निघालो.

मानपाडा

बाबांनी कोपर नेहमी पाण्याच्या अंगानं पाहिलेलं. कळव्याच्या पुलाखालून, मुंब्र्याचा डोंगर उजवीकडे ठेवत, भरतीबरोबर होडी घेऊन ते ताईकडे जायचे. मुंब्रा ओलांडून आम्ही शिळफाट्याला वळलो तेव्हा ते अस्वस्थ झाले.

"आरं, पानी कुठं रायला?" ते म्हणाले. "यो रस्ता डोंगरातच चाललाय."

"बाबा, रस्ता असाच जातो."

"मंग यो रस्ता चुकलाय."

त्यांची शिकवणी चालू होती तेवढ्यात, मानपाड्याच्या जरा पुढे, गाडी बंद पडली. धक्का नाही, आचका नाही. बोलता बोलता माणसानं तोंड मिटावं तशी. मी किल्ली फिरवली, बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बॉनेट उघडण्यापलीकडे मला गाडीतलं काही येत नव्हतं, हे त्या दिवशी मला कळलं. बाबांना ते आधीच माहीत असावं, कारण त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

जवळच्या कारखान्यातले दोघे पाळी संपवून चालले होते. त्यांनी गाडी ढकलत औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत नेली. तिथे पाटी होती: 'सर्व प्रकारची कंट्रोल कार्डे दुरुस्त करून मिळतील'. मालक शेट्ये, पन्नाशीचे, चष्म्यावर आणखी एक भिंग अडकवलेलं. कारखान्यांतल्या मशिनांची इलेक्ट्रॉनिक कार्डं ते दुरुस्त करत.

"गाडीचं मला घंटा कळत नाही हो," ते म्हणाले. "कार्ड असेल तर बोला."

"आहे ना. कॉम्प्युटर आहे."

"मग आधी बोलायचं नाही का!" आणि ते बसल्या जागेवरून उठले.

काचेच्या खाली, जिथे बॉनेट संपतं, तिथे हवा आत जायला एक जाळी असते. त्या जाळीच्या बरोबर खाली तो खोका होता, ॲल्युमिनियमचा, पुस्तकाएवढा. शेट्यांनी तो काढून टेबलावर उघडला. आत सगळं हिरवं आणि पांढरं झालं होतं. त्यांनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"अहो, हे मीठ आहे! गाडी काय समुद्रात घातलेली?"

मी हसलो. हसत हसत बाबांकडे पाहिलं, आणि हसायचा थांबलो.

आमच्या घराची एक रीत आहे. होडी पाण्यात ढकलायच्या आधी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, खाडीचं पाणी घालायचं. जिच्या जिवावर जायचं त्या खाडीची होडीला ओळख करून द्यायची. गाडीला नाळ नसते. बाबांनी विचार करून काचेखालची ती जागा पसंत केली होती. दोन महिने, रोज सकाळी मी कामावर निघायच्या आधी, ते तांब्याभर खाडीचं पाणी तिथे घालत आणि गाडीच्या अंगावर हात ठेवत. मीही ते पाहत होतो. लॅबमध्ये दिवसभर क्षार आणि गंज यांच्याशीच माझी गाठ असते. पण घरी मला त्यात बापाची माया दिसली, मीठ दिसलं नाही.

बाबांनी शेट्यांना एवढंच विचारलं, "पान्यानं मेली?"

"पाण्यानं नाही आजोबा, खाऱ्या पाण्यानं. हे कार्ड गेलं. आतल्या तांब्याच्या रेघाच खाऊन टाकल्यात मिठानं."

शेट्यांच्या फोनवरून मी कंपनीच्या वर्कशॉपला विचारलं. नवा खोका बाहेरून मागवावा लागेल, सहा आठवडे. आणि पाणी गेलेलं असल्यामुळे वॉरंटीत बसणार नाही. हे सगळं ऐकून मी फोन ठेवला तेव्हा बाबा शेडच्या बाहेर, गाडीपासून चांगले दहा हात लांब जाऊन उभे होते.

कोपर

रिक्षा करून आम्ही डोंबिवलीला, तिथून रूळ ओलांडून कोपरला ताईकडे पोचलो. ताईनं चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. आमच्या ठाण्यात कालवणात चिंच पडते, कोपरला ताईच्या सासरी कोकम. एरवी या विषयावर बाबा आणि ताईचं तासभर भांडण ठरलेलं. त्या दिवशी बाबांनी तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, कालवणाला लावला आणि ताट सरकवलं.

"काय झायला बाबा? खारट झायला?" ताईनं विचारलं. बिचारीला काही माहीत नव्हतं.

बाबा उठून ओटीवर गेले. तिथून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "पोरा, नामाला सांग. औंदा नारल त्यानं धरायचा."

नामा म्हणजे आमचा शेजारी, बाबांचा मित्र. मी बाहेर गेलो. "का? तुम्ही का नाही?"

"ज्या हातानं पानी घातला त्या हातानं तुजी गारी मारली. त्यो हात दर्याला नारल कसा दील?"

मी त्यांना समजावलं की ते रसायनशास्त्र आहे, हाताचा काही संबंध नाही. रसायनशास्त्रानं आजवर कुठल्याही बापाची समजूत पटलेली नाही. बावीस वर्षं ज्या माणसाला मी छातीभर पाण्यात ताठ उभं पाहिलंय, तो ओटीवर खांबाला टेकून स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला होता. गाडी राहू दे सहा आठवडे. पण पौर्णिमा सहा आठवडे थांबणार नव्हती. गाडी त्याआधी चालली पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

कल्याण

सकाळी मी एकटाच शेट्यांकडे गेलो. बाबा आले नाहीत. शेट्ये माझीच वाट पाहत होते.

"तुमच्यासारखीच गाडी मी पाहिलीय," ते म्हणाले. "कल्याणला कर्णिक सर म्हणून आहेत. त्यांच्या गाडीतला टेप माझ्याकडे आलेला दुरुस्तीला. मागून ट्रकनं ठोकलेली गाडी, डिकी चपटी झालीय, पण पुढचं सगळं शाबूत. जा, पाय धरा."

दुर्गाडीच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत सरांचं बैठं घर सापडलं. अंगणात जांभळाखाली गाडी उभी, मागून चेचलेली. आणि ड्रायव्हरच्या जागेवर, काचा वर करून, स्टिअरिंगवर जाडजूड पुस्तक टेकवून एक सत्तरीचे गृहस्थ वाचत बसले होते. मी काचेवर टकटक केली. त्यांनी बोटानं 'थांबा' अशी खूण केली, पान पूर्ण केलं, खूण घातली आणि मग दार उघडलं.

कर्णिक सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अपघातानंतर काकूंनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती, बसायची केली नव्हती. समोरच्या खणात अडकित्ता आणि सुपारी, शेजारच्या सीटवर नकाशांच्या गुंडाळ्या.

"घरात वाचायला बसलं की ही वाल सोलायला देते," सर म्हणाले. "इथे आतून दार लावलं की मी जगाला उपलब्ध नसतो."

मी काय हवंय ते सांगितलं. ते मनापासून हसले. "गाडीचा मेंदू? न्या की! आत मी बसतो तेव्हा एक मेंदू पुरतो."

त्यांनी काही घेतलं नाही. उलट काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. श्रावण असल्यामुळे पानात डाळिंब्यांची उसळ आणि गोड शिरा. आमच्याकडे श्रावणातही खाडीतलं काही ना काही शिजतं, हे मी सांगितलं नाही, पण काकूंनी "तुमच्याकडे या दिवसांत काय करता हो?" असं इतक्या सरळ विचारलं की मी सांगून टाकलं. "बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "अंगणात पिकेल ते खावं."

शेट्यांनी दाखवलं होतं तसा मी तो खोका काढला आणि तीनच्या सुमारास मेंदू छातीशी धरून मानपाड्याला पोचलो. शेट्यांनी तो बसवला, मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली! मी ओरडलो. शेट्ये ओरडले. आमचं ओरडून व्हायच्या आत गाडी बंद पडली. पुन्हा लावली, दोन सेकंद चालली आणि गप्प. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. समोर एक किल्लीच्या आकाराचा दिवा लुकलुकत होता.

शेट्यांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा! हा मेंदू सरांची किल्ली ओळखतो. तुमच्या किल्लीवर त्याचा भरवसा नाही. चोर समजतोय तुम्हाला."

मला इतका राग आला की मी गाडीच्या टायरला लाथ मारली. लागलं मला, टायरला नाही.

पुन्हा कल्याण

दुसऱ्या दिवशी ताईनं बाबांना जवळजवळ ढकलूनच माझ्याबरोबर पाठवलं. "घरात बसून तुमी माजं छप्पर बघता," ती म्हणाली. "त्यापेक्षा कल्यान बघा." बाबा मान खाली घालून निघाले. गल्लीच्या टोकाला खाडी दिसली तेव्हा मात्र थबकले. "बंदराजवल आयलो आपन," ते पुटपुटले.

सरांना बाबा खाडीतले आहेत हे कळलं आणि ते गाडीतून चक्क बाहेर आले. नकाशा बॉनेटवर पसरला. "मला चाळीस वर्षं एक शंका आहे," ते म्हणाले. "हा डोंबिवलीसमोरचा गाळाचा पट्टा. नकाशात डाव्या काठाला दाखवलाय. माझा विश्वास नाही."

बाबांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले, जणू होडीत बसलेत, आणि हात हवेत वळवला. "डावा नाय. मधी. भरतीला वरून होरी जाते, ओहोटीला रुतते. मी दोनदा रुतलोय."

"ऐकलंस का गं!" सर घराकडे तोंड करून ओरडले. "मधे आहे! मधे!" त्यांनी लाल पेन्सिलीनं छापलेला नकाशा दुरुस्त केला आणि बाजूला बाबांचं नाव लिहिलं. दोन दिवसांत बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. पुढचा तासभर दोघांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतची खाडी वळणावळणानं पार केली. मी आणि काकू पायरीवर बसून चहा पीत होतो.

पण किल्लीचं नाव काढताच सर एकदम शिक्षक झाले. "ते शक्य नाही. किल्लीशिवाय दार बाहेरून लागणार कसं? मग मी उठलो की ही वाल घेऊन आत बसेल."

"नव्या कुलपाची सोय करून देतो सर."

"कुलपं नकोत. मला माझ्याच किल्लीची सवय आहे."

मी विनवलं, सण परवावर आलाय म्हणालो. सर खरंच कानकोंडे झाले, पण हात खिशातल्या किल्लीवरच. गुंता असा, की दोघांचंही बरोबर होतं.

तेव्हा बाबा म्हणाले, "सायेब, गारीचा मेंदू किल्लीचा काय वलकतो? दात की डोका?"

मी पळत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि शेट्यांना तोच प्रश्न विचारला. मग शेट्ये म्हणाले, "डोकं! प्लॅस्टिकच्या डोक्यात काचेची बारीक चिप असते. दात नुसते कुलपाला लागतात. कुणी विचारलं हे?"

"माझ्या बाबांनी," मी म्हणालो. आजूबाजूला ऐकायला फोनवाल्याशिवाय कुणी नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

सरांना किल्लीचे दात पुरेसे होते. मी सुरीनं किल्लीचं डोकं फोडलं, आतून तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी निघाली. काकूंनी वातींसाठी ठेवलेल्या कापसात ती गुंडाळून दिली. दातांची पाती सरांच्या खिशात परत गेली. त्यांनी लगेच गाडीचं दार बाहेरून एकदा लावून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

मानपाडा, शेवटचं

चौथ्या दिवशी सकाळी शेट्यांनी ती चिप माझ्या किल्लीच्या डोक्यात बसवली. दिवा लुकलुकायचा थांबला. गाडी चालू झाली आणि या वेळी बंद पडली नाही. पण चालत होती ती अशी, की अंगात हुडहुडी भरल्यासारखी. थरथरत होती, फुरफुरत होती, रेस दिली की गुदमरत होती.

खोक्याला वायरींचा जो मोठा जोड येतो, त्याच्या बारीक भोकांतही मीठ गेलं होतं. शेट्यांनी आपला खास स्प्रे मारला, पुसलं, पुन्हा मारला. फरक नाही. "आता ही सगळी वायरिंग नवीन लागेल," ते म्हणाले. "ती पुन्हा कंपनीकडूनच." म्हणजे पुन्हा सहा आठवडे.

बाबा शेडच्या दारात उभे होते, त्याच दहा हातांवर. "स्प्रेनं मीठ नाय जात," ते म्हणाले.

"काय म्हणालात आजोबा?"

"काय नाय."

आणि इथे माझा तोल गेला. तीन दिवस मी शहाण्यासारखा वागलो होतो, रसायनशास्त्र सांगत होतो. "बोला ना मग! होडीचं इंजिन तुम्ही जन्मभर साफ केलंत. तिथे काय करायचात?"

"माजा हात नको लावू तिला."

"तुमच्याच हातानं गेली ना? तुमच्याच हातानं गेली! मग दुसऱ्याच्या हातानं का यावी? या इकडे!"

बापावर मी असा कधी ओरडलो नव्हतो. शेट्ये खाली पाहू लागले. मला वाटलं, आता हे कोपरला चालत निघून जातील. पण बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"गोडा पानी लागंल. मीठ गोड्या पान्यानंच विरघलते. पेट्रोल वता, स्प्रे मारा, त्याच्यात मीठ तसाच रातो."

मी लॅबमध्ये पंधरा वर्षं आहे. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. शेट्यांनी स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली आणली. बाबांनी पाणी कोमट करायला लावलं. शेडच्या कोपऱ्यात खराटा होता; त्यातला माडाचा एक बारीक हीर त्यांनी निवडला, टोकाला धोतराचा धागा गुंडाळला आणि बॅटरी सोडवायला सांगितली. मग एकेका भोकात तो हीर घालून, फिरवून, काढून, धागा बदलून. जाळ्याचा एकेक डोळा तपासतात तसा. शेट्ये भिंगातून बघून सांगत, "हे झालं. हे अजून हिरवं." जोड मोठा होता, भोकं पुष्कळ होती. बाबांना घाई नव्हती. शेवटी त्यांनी स्पिरिटनं सगळं पुसून घेतलं आणि टेबल फॅनसमोर तो जोड अर्धा तास धरून ठेवला. मी धरतो म्हटलं तर दिला नाही.

जोड बसला. शेट्ये माझ्याकडे किल्ली द्यायला लागले. मी ती बाबांना दिली.

बाबांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले, होडीत बसतात तसे ताठ, आणि किल्ली फिरवली. एका दमात इंजिन लागलं. मी रेस दाबायला सांगितली. ते दाबत गेले आणि गाडी एकसुरात वर चढत गेली, न अडखळता, न थरथरता. बाबांनी मान तिरपी करून ऐकलं. बोटीच्या इंजिनाचं ते असंच ऐकतात, आणि त्यांचं पटलं नाही तर कुणाचंही पटत नाही.

"चांगली हाय," ते म्हणाले.

शेट्ये टाळ्या वाजवत होते. मी रडत होतो, हे लपवायचं काही कारण नाही.

ठाणे

ताईला घेऊन आम्ही अंधार पडायच्या आत निघालो. मुंब्र्याच्या डोंगराशी बाबांनी मला सांगितलं की रस्ता तसा बरा आहे, फक्त पाण्यापासून लांबून काढलाय. कोकम वाईट आणि चिंच चांगली, यावर ताईशी त्यांचं भांडण कळव्यापर्यंत टिकलं. मी दोघांच्या मध्ये बसलो असतो, तर मला दोन्ही बाजूंनी पटवायचा प्रयत्न झाला असता. सुदैवानं मी गाडी चालवत होतो.

कोळीवाड्यात शिरलो तेव्हा नामाकाका ओट्यावर नारळाला सोनेरी कागद लावत बसले होते. कुणीतरी आधीच निरोप पोचवला असावा. बाबा उतरले, सरळ त्यांच्याकडे गेले आणि हात पुढे केला. "नामा, आन हिकरं. कागद तुजा तिरपा लागलाय."

पौर्णिमेला मिरवणूक खाडीवर आली. बाबा छातीभर पाण्यात उतरले आणि नारळ सोडला. काठावर शेजारचा वाडा, पाहुणे, कोपरची माणसं, सगळे उभे होते. भिजलेल्या कपड्यांनी बाबा वर आले तेव्हा कुणीतरी विचारलं की नव्या गाडीला काय झालं होतं म्हणे. मी पुढे झालो, म्हटलं आपण सांभाळून घेऊ, काहीतरी मोघम सांगू.

बाबांनी मला हातानं मागे सारलं. सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, हसत हसत ते म्हणाले, "मीच मारली ती गारी. रोज सकाली, या हातानं. बसा, सांगतो."